जपानी लिहिता यावं म्हणून : साताऱ्याकडच्या शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्यात, कराडात, वाईत जपानी शिकणारे आता बरेच भेटतात. कुणी एमआयडीसीत नोकरी करता करता शिकतंय, कुणी नर्सिंग झाल्यावर काइगोच्या, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी जपानला जायची तयारी करतंय, कुणाला नुसतं ॲनिमेचं वेड आहे. वाचणं आणि ऐकणं मोबाईलवर कसंबसं जमतं, पण कोरा कागद समोर आला की पेन हलत नाही. मी शिकवते तिथे आणि एरवीही जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केलेत. प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत ठेवलेत.

जेएलपीटीत लेखन नसतंच. मग लिहायचं कशाला?

खरं आहे, जेएलपीटीत, म्हणजे जपानी भाषेच्या पात्रता परीक्षेत, लेखन नसतं. २०१० पासून ही परीक्षा एन५ (सगळ्यांत सोपी) ते एन१ (सगळ्यांत अवघड) अशी पाच पातळ्यांत होते (त्याआधी चार होत्या) आणि सगळी उत्तरं पर्यायांतून निवडून गोळे काळे करायचे असतात. बोलणंही तपासत नाहीत. कामाच्या व्हिसासाठीची जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षासुद्धा निबंध मागत नाही.

पण जपानमध्ये पदवीला प्रवेश घ्यायचा असेल तर बऱ्याच ठिकाणी ईजेयू, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. तिच्या जपानीच्या पेपरात लेखनाचा स्वतंत्र भाग आहे : ३० मिनिटं, ४०० ते ५०० अक्षरं, ५० गुण. नोकरीला गेलात तर पहिल्याच आठवड्यात रोजचा अहवाल, मेल, फॉर्म हे सगळं सुरू होतं. तिथे पर्याय कुणी देत नाही.

आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चार पर्यायांतून 'नि' (आपल्या 'ला', 'त'सारखा प्रत्यय) ओळखणं आणि मोकळ्या ओळीत आपण होऊन 'नि' लिहिणं यात फार अंतर आहे. आपल्याला काय येतं हे लिहिताना कळतं. एन४ चांगल्या गुणांनी पास झालेली मुलं पाच वाक्यांच्या डायरीत अडखळताना मी नेहमी बघते.

सुरुवात रोमाजीत करू, देवनागरीत करू, की थेट हिरागानात?

थेट हिरागानात. (रोमाजी म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं जपानी. हिरागाना ही जपानीची मूळ लिपी, कातकाना ही मुख्यतः परदेशी शब्दांसाठीची.) या पानावर मी जपानी शब्द देवनागरीत लिहिलेत ते मोबाईलवर कुणालाही वाचता यावेत म्हणून, आणि लांब 'ओ' दाखवायला 'ओओ' असं लिहिलंय. वहीत हे चालणार नाही. देवनागरीची कुबडी गोड असते, कारण उच्चार बऱ्यापैकी बरोबर उतरतो. म्हणूनच ती सुटत नाही. हिरागानाची मूळ ४६ अक्षरं आहेत, कातकानाचीही ४६. मन लावलं तर दोन्ही मिळून महिन्याभराचं काम आहे.

आपल्याला एक फायदा आहे. जपानी अक्षरमालेचा क्रम बघा : आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कंठापासून ओठापर्यंत जाणारा हा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानात नेला, त्यातून ही मांडणी आली. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी बसलाय आणि 'हा' प-वर्गाच्या, कारण जुन्या जपानीत त्याचा उच्चार 'पा'च्या जवळचा होता. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला हा तक्ता दोन बैठकींत लागतो.

माझं अक्षर फार वाईट येतं. कुठली वही घेऊ?

प्राथमिक शाळेत गणिताला वापरतात ती चौकटीची वही. राजवाड्याच्या बाजूला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. चौकट जरा मोठी बघून घ्या, एक सेंटिमीटरच्या आसपासची. सुरुवातीला पेन्सिल वापरा, तीही मऊ, २बी असेल तर उत्तम. जपानी अक्षरात रेघ कशी संपते याला महत्त्व आहे : कुठे थांबून दाबायची (तोमे), कुठे टोक झटकून वर न्यायचं (हाने), कुठे हळूहळू निमुळती सोडायची (हाराइ). जेल पेनानं हे तिन्ही सारखेच दिसतात.

देवनागरीत आपण शिरोरेघेला अक्षरं टांगतो. त्या सवयीनं मुलं जपानी अक्षरंही चौकटीच्या वरच्या कडेला चिकटवतात. जपानी अक्षर चौकटीच्या मधोमध बसतं. पेन्सिलीनं चौकटीत एक फिकट अधिक चिन्ह काढून चार भाग करा आणि नमुन्यातली रेघ कुठल्या भागात सुरू होते, कुठल्या भागात संपते ते बघून लिहा. एवढ्यानंच अक्षर निम्मं सुधारतं.

नमुना मात्र नीट निवडा. मोबाईलच्या फॉन्टमध्ये हिरागानातले 'सा', 'कि', 'रि' जोडलेले दिसतात, पण हातानं लिहिताना तिथे पेन्सिल उचलतात. छापील फॉन्ट बघून गिरवलं तर अक्षर परकं दिसतं. 'क्योओकाशो' नावाचा फॉन्ट जपानी शाळेच्या पुस्तकांतला, हस्ताक्षराच्या जवळचा. विंडोज १० पासून त्याचा एक प्रकार त्यात मिळतो.

(सुंदर अक्षराचा आग्रह आपल्याकडेही काही नवा नाही. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थांनी लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय : अक्षर कसं घोटावं, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, कागद कसा जपावा.)

कातकानातले 'शि' आणि 'त्सु' सारखेच दिसतात. 'सो' आणि 'न' पण.

दिसतात, कारण तुम्ही त्यांच्याकडे चित्र म्हणून बघताय. हाताची दिशा बघा. 'शि' आणि 'न' यांची मोठी रेघ खालून वर जाते, 'त्सु' आणि 'सो' यांची वरून खाली येते. छोट्या रेघा 'शि'मध्ये डाव्या कडेला एकाखाली एक असतात, 'त्सु'मध्ये वरच्या कडेला शेजारी शेजारी. चौघांना एकाच पानावर आलटूनपालटून लिहा. वेगवेगळ्या पानांवर गिरवून उपयोग होत नाही.

कांजीतला रेघांचा क्रम एवढा मनावर घ्यायचा का? शेवटी अक्षर तर तेच दिसतं.

तेच दिसत नाही, म्हणून घ्यायचा. (कांजी म्हणजे चिनी लिपीतून आलेली, अर्थ दाखवणारी अक्षरं.) तोंडासाठीचं 'कुचि' हे कांजी म्हणजे साधा चौकोन. आपली मुलं तो चार रेघांत किंवा एका दमात फिरवून काढतात. त्याच्या रेघा तीन आहेत : आधी डावी उभी, मग वरची आडवी तशीच वळवून उजवीकडून खाली, शेवटी तळ. हा चौकोन पुढे शेकडो कांजींच्या आत येतो. सुरुवातीला चुकीचा बसला की सगळीकडे चुकीचा बसतो.

साधारण नियम थोडेच : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर. अपवाद गमतीचे आहेत. 'उजवा' (मिगि) आणि 'डावा' (हिदारि) यांचा वरचा भाग दिसायला एकच, पण 'मिगि'मध्ये तिरपी रेघ आधी आणि 'हिदारि'मध्ये आडवी आधी. हे पाठच करावं लागतं.

मोबाईलवर अनोळखी कांजी बोटानं लिहून शोधतानाही रेघांची संख्या आणि क्रम बरोबर असला तर शब्दकोश चटकन ओळखतो.

किती कांजी हातानं लिहिता यायला हव्यात?

सार्वजनिक वापरासाठी जपान सरकारनं ठरवलेल्या जोओयोओ कांजी २,१३६ आहेत. त्यांतल्या १,०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवतात, पहिलीत फक्त ८०. ही सगळी हातानं लिहिता यायलाच हवीत असं माझं मत नाही. आजकाल जपानी माणूससुद्धा टाइप करून करून लिहायच्या कांजी विसरतो.

पहिलीच्या ८० घोटून घ्या. दुसरीच्या १६० हातानं लिहून ओळखीच्या करा. त्यापुढे ज्या तुमच्या कामात येतात त्या. नर्सला औषध, ताप, जेवण, झोप यांच्या कांजी हव्यात, वेल्डरला धोका, आग, बंद, तपासणी यांच्या. बाकीच्या ओळखता आल्या तरी गाडी चालते. आणि कांजी एकटी लिहू नका. शब्दात लिहा, शब्द वाक्यात लिहा. एकच कांजी पानभर लिहिली की दहाव्या ओळीनंतर हात चालतो आणि डोकं झोपतं.

वाक्य सुचत नाही. मी आधी इंग्रजीत करतो, मग जपानीत. बरोबर आहे ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याच्या उत्तरावर मी हटून बसते : इंग्रजी मध्ये आणू नका. साताऱ्याहून कराडला जायला कुणी पुण्याला वळसा घालत नाही. बहुतेक ॲप आणि व्हिडिओ इंग्रजीतून शिकवतात म्हणून ही सवय लागते, आणि निम्म्या चुका तिथूनच येतात.

'मला आंबा आवडतो' घ्या. मराठीत 'आवडतो' हे क्रियापद आंब्याच्या मागे जातं. भेळ असेल तर 'आवडते'. जपानीत तसंच आहे, आवडणाऱ्या वस्तूला 'गा' लागतो : मान्गो गा सुकि देसु. इंग्रजीतून आलेला मुलगा आंब्याला कर्म समजतो आणि 'मान्गो ओ' लिहून ठेवतो. 'मला जपानी समजतं' म्हणजे निहोन्गो गा वाकारिमासु, 'मला पाणी हवंय' म्हणजे मिझु गा होशिइ देसु. सगळीकडे मराठीचा सांगाडा तसाच्या तसा बसतो. 'मला दोन भाऊ आहेत' याचं इंग्रजी केलंत की 'बाळगणे' या अर्थाचं क्रियापद डोक्यात येतं आणि 'मोत्ते इमासु' लिहून तुम्ही भाऊ पिशवीत घालता. मराठीतूनच या : क्योओदाइ गा फुतारि इमासु.

'ला' बघा. मित्राला भेटलो, मित्राला विचारलं. जपानीत दोन्हीकडे 'नि' : तोमोदाचि नि आइमाशिता, तोमोदाचि नि किकिमाशिता. इंग्रजीत तिथे काहीच नसतं, म्हणून मुलं 'ओ' घालतात.

आता आपलं 'ऊन'. 'उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन कामाला गेलो' : ओकिते, काओ ओ आरात्ते, ओचा ओ नोन्दे, शिगोतो नि इकिमाशिता. एकेक तुकडा जागेवर. खाऊन बघणे हे ताबेते मिरु, वाचून ठेवणे हे योन्दे ओकु, विसरून जाणे हे वासुरेते शिमाउ, विकत घेऊन येणे हे कात्ते कुरु. इंग्रजी पुस्तकं या प्रत्येकावर पानभर समजावतात. तुम्हाला ते आईच्या बोलण्यातून आधीच येतं, फक्त ओळखायचं राहिलंय.

मोठ्या वाक्यात फायदा आणखी वाढतो. 'काल मोती चौकातून आणलेले पेढे' असं आपण म्हणतो, वर्णन आधी आणि नाव शेवटी. जपानीतही 'किनोओ कात्ता' (काल विकत घेतलेला) आधी आणि 'पेढा' नंतर. 'जे मी काल आणले ते पेढे' हा जे-तेचा घाट मात्र सोडा, तो जपानीत नाही. 'उद्या येतो असं तो म्हणाला' यात 'येतो' मूळ काळातच राहतो, जपानीतही राहतो : आशिता कुरु तो इइमाशिता. इंग्रजीवरून आलेले इथे 'कुरु'चं 'किता' करून बसतात.

म्हणून वाक्य अडलं की ते आधी मराठीत लिहा, पण सोपं, घरात बोलतो तसं. वर्तमानपत्री मराठी नको. 'पर्यावरणाच्या ऱ्हासाबाबत चिंता व्यक्त केली' याचं जपानी एन२ शिवाय होणार नाही. 'नदी घाण होतेय, वाईट वाटतं' याचं एन४ ला होतं.

मग मराठी कुठे दगा देते?

देते ना. पहिला दगा 'आहे'चा. आपल्याकडे 'मी विद्यार्थी आहे', 'टेबलावर पुस्तक आहे', 'अंगणात कुत्रा आहे' सगळ्याला एकच शब्द. जपानीत तीन : देसु, आरिमासु, इमासु. माणूस-प्राणी असेल तर 'इमासु', वस्तू असेल तर 'आरिमासु'. झाडं-फुलं जिवंत असली तरी 'आरिमासु'च.

दुसरा 'छान होतं'चा. विशेषण अधिक 'होतं' ही आपली सवय, म्हणून 'ओइशिइ देशिता' लिहिलं जातं. भूतकाळ विशेषणातच जातो : ओइशिकात्ता देसु. मग हे पक्कं झालं की मुलं 'किरेइ'लाही 'किरेकात्ता' करतात. 'किरेइ' दुसऱ्या गटातला, त्याला मात्र 'किरेइ देशिता' बरोबर.

'देणे' : मी दिलं तर आगेरु, मला दिलं तर कुरेरु. आणि 'साताऱ्यात राहतो' याला 'सुमिमासु' नाही, सुन्दे इमासु.

आदराची गंमत वेगळीच. आपण 'माझे बाबा आले' असंच म्हणणार, 'आला' म्हटलं तर पाठीत धपाटा. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना किंवा लिहिताना आपल्या वडिलांना आदरार्थी रूप लावत नाहीत. ते 'चिचि', आणि क्रियापदही साधं. समोरच्याचे वडील मात्र 'ओतोओसान'. ऑफिसातही तेच : बाहेरच्या कंपनीला मेल लिहिताना आपल्याच साहेबांच्या नावामागचं 'सान' गळतं. हे लिहिताना आपल्या हाताला जड जातं, पण जपानीत तीच रीत आहे.

लांब 'ओ' कधी लिहायचा कळतच नाही.

मराठीत 'ओ' लांब की आखूड याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानच तयार नसतो. जपानीत 'कोको' म्हणजे इथे आणि 'कोओकोओ' म्हणजे हायस्कूल. लांब 'ओ' हिरागानात बहुतेक वेळा 'उ' जोडून लिहितात : को-उ-को-उ, तो-उ-क्यो-उ. थोडे शब्द 'ओ' जोडून : ओओकिइ (मोठा), तोओइ (लांब), कोओरि (बर्फ), तोओरु (जाणे, पार होणे). जुन्या लेखनात तिथे 'हो' होता, त्याचं हे उरलेलं. यादी छोटी आहे, पाठ करा.

जोडाक्षराचा त्रास आपल्याला होत नाही. 'पता' आणि 'पत्ता' ज्याला वेगळे ऐकू येतात त्याला 'किते' (इकडे या) आणि 'कित्ते' (पोस्टाचं तिकीट) वेगळे ऐकू येतातच. फक्त छोटा 'त्सु' लिहायला विसरू नका.

रोज काय लिहू? विषयच सुचत नाही.

तीन ओळींची डायरी. आज काय केलं, काय पाहिलं, कसं वाटलं. बस्स. 'माझं स्वप्न' आणि 'पर्यावरण' असले विषय परीक्षेआधी घ्या. एरवी आजूबाजूचं लिहा : कासला फुलं बघायला झालेली गर्दी, ठोसेघरच्या वाटेवरचं धुकं, एसटी चुकली, घरी भरल्या वांग्याची भाजी. जपानी माणसाला ठाऊक नसलेली गोष्ट समजावून सांगणं हा तर फार चांगला सराव. कंदी पेढा म्हणजे काय हे पाच वाक्यांत लिहून बघा : कशाचा, रंग कसा, चव कशी, कधी खातात, कुणाला देतात.

एक नमुना दाखवते. नवीन शिकणाऱ्याच्या वहीत साधारण असं असतं (साताऱ्यात राहतो, घरी कुत्रा आहे, रोज त्याला घेऊन फिरतो, काल पाऊस होता तरी गेलो, मजा आली) :

वाताशि वा सातारा नि सुन्दे इमासु. वाताशि नो उचि नि इनु गा आरिमासु. वाताशि वा माइनिचि इनु तो साम्पो शिमासु. किनोओ वा आमे देशिता. देमो वाताशि वा इकिमाशिता. तानोशिइ देशिता.

खऱ्या चुका दोनच : कुत्र्याला 'आरिमासु' आणि शेवटचं 'तानोशिइ देशिता'. पण वाचायला ठोकळ्यांसारखं वाटतं, कारण चार वेळा 'वाताशि' आलंय आणि प्रत्येक वाक्य सुटं उभं आहे. दुरुस्त केल्यावर :

सातारा नि सुन्दे इमासु. उचि नि इनु गा इते, माइनिचि इश्शो नि साम्पो शिमासु. किनोओ वा आमे देशिता गा, साम्पो नि इकिमाशिता. तानोशिकात्ता देसु.

'मी' एकदाही नाही, तरी कोण बोलतंय यात शंका नाही. दोन वाक्यं 'इते'नं आणि 'गा'नं (इथे 'पण' या अर्थाच्या) जोडली. शब्द एकही अवघड वाढला नाही. पातळी न वाढवता लेखन सुधारतं ते असं.

देसु-मासुमध्ये लिहू की 'दा'मध्ये?

पत्र, मेल, वर्गातला निबंध : देसु-मासु, म्हणजे सभ्य रूप. स्वतःची डायरी : साधं 'दा' रूप. अहवाल आणि औपचारिक निबंध : 'दा' किंवा 'दे आरु'. कुठलंही घ्या, पण एका लेखात एकच. तपासताना लाल पेन सगळ्यांत जास्त इथेच चालतो.

साताऱ्यात तपासून द्यायला जपानी माणूस कुठून आणू?

आणायची गरज नाही. हायनेटिव्हसारख्या भाषेच्या प्रश्नोत्तरांच्या ॲपवर जपानी लोक छोटे प्रश्न आणि वाक्यं फुकट बघून देतात. बदल्यात तुम्ही त्यांचे मराठी-हिंदीचे प्रश्न सोडवा. वर्गातल्या पुढच्या पातळीच्या दादाला-ताईला दाखवा. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरि' हे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात फॉर्म भरणं, निरोप लिहिणं असे रोजच्या जगण्यातले सराव आहेत.

चॅटजीपीटी वगैरेचं विचाराल तर वापरा, पण क्रम पाळा. आधी स्वतः लिहायचं, मग 'फक्त चुका दाखव, कारण सांग, माझी पातळी एन४ आहे' असं विचारायचं. मराठीत विचारलं तरी कळतं. 'हे जपानीत लिहून दे' म्हणालात तर गुळगुळीत परिच्छेद मिळेल आणि तुम्ही जिथल्या तिथे.

तपासून घेण्यापेक्षा त्यानंतर काय करता ते महत्त्वाचं. बहुतेक जण लाल खुणा बघतात, 'अच्छा' म्हणतात आणि पान उलटतात. दुरुस्त केलेला मजकूर पूर्ण पुन्हा हातानं लिहा. दोन दिवसांनी न बघता पुन्हा लिहा. आणि वहीच्या मागच्या पानांवर स्वतःच्या चुकांची यादी ठेवा, चुकीचं वाक्य आणि शेजारी बरोबर. महिन्याभरात दिसेल की चुका शंभर प्रकारच्या नाहीत, त्याच सहा-सात आहेत.

टाइप करता आलं तर पुरे नाही का?

कामाला बऱ्यापैकी पुरतं, पण टाइप करायलाही नीट वाचता यावं लागतं. 'हाशि' टाइप केलं की पूल, चॉपस्टिक्स आणि कड अशा तिन्ही कांजी समोर येतात. पहिली दिसेल ती दाबली तर तुम्ही पुलानं जेवाल. 'किन्एन' (धूम्रपानास मनाई) टाइप करताना एन दोनदा दाबला नाही तर 'किनेन' (स्मरण) होतं. मोबाईलवर जपानी कीबोर्ड जोडून घ्या आणि रोजची डायरी एक दिवस हातानं, एक दिवस टाइप करून लिहा.

ते चौकटींच्या कागदावर लिहायचे नियम काय?

गेन्कोओ योओशि म्हणतात त्याला. नेहमीचा कागद २० गुणिले २०, म्हणजे ४०० चौकटींचा. इंटरनेटवरून एक घ्या आणि झेरॉक्स काढून ठेवा. उभं लिहिताना उजवीकडून सुरुवात. शीर्षक वरच्या दोन-तीन चौकटी सोडून, नाव पुढच्या ओळीत तळाकडे. परिच्छेदाची पहिली चौकट रिकामी. छोटा 'त्सु', छोटा 'या', स्वल्पविराम, पूर्णविराम यांना प्रत्येकी एक चौकट. पूर्णविराम नव्या ओळीच्या पहिल्या चौकटीत येत असेल तर तो मागच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत अक्षरासोबत घालतात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. मराठी हाताला हे सगळ्यांत उशिरा जमतं.

माझं नाव कातकानात कसं लिहू?

उच्चारावरून. जपानीत 'ल' नाही, 'ळ' तर नाहीच, त्यामुळे दोन्ही 'रा' ओळीत जातात. एकट्या व्यंजनाला स्वर लागतो. कुलकर्णीचं कु-रु-का-रु-नि होतं. पाटीलमधल्या 'टी'साठी 'ते'ला छोटा 'इ' जोडतात. एकाच नावाची दोन-तीन रूपं होऊ शकतात. त्यातलं एक निवडा आणि अर्ज, शाळा, बँक, सगळीकडे तेच ठेवा. नाहीतर तिकडे गेल्यावर तुम्ही दोन माणसं होता.

ऑफिसची मेल लिहायला जमेल का?

जमेल, कारण साचा ठरलेला असतो : विषय, ज्याला लिहायचं त्याचं नाव, नमस्काराचं वाक्य, आपलं नाव, काम, शेवटचं वाक्य, सही. बाहेरच्या कंपनीला 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु'नं सुरुवात, आपल्याच ऑफिसात 'ओत्सुकारेसामा देसु'. वरिष्ठांना 'समजलं' असं कळवताना 'र्योओकाइ' न लिहिता 'शोओचि शिमाशिता' लिहा. शेवटी 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु'. ही चार वाक्यं हातात बसली की उरतो फक्त मधला मजकूर, आणि तो जितका छोटा तितका बरा.

मी काइगोसाठी जाणार आहे. तिथे काय लिहावं लागतं?

रोजच्या नोंदी, काइगो किरोकु. कधी, कुठे, कुणी, काय केलं, आणि तुम्ही काय केलंत. साध्या रूपात, छोट्या वाक्यांत. 'आजोबा उदास होते' असं लिहू नका. 'दुपारी जेवण अर्धं टाकलं, विचारल्यावर बोलले नाहीत' असं लिहा. जेवण किती गेलं हे दहावा हिस्सा मोजून 'वारि'त लिहितात : मुख्य अन्न ८ वारि म्हणजे दहापैकी आठ भाग. हा सराव इथे बसून करता येतो. घरातल्या आजी-आजोबांच्या एका दिवसाची नोंद जपानीत लिहा. सकाळी किती चालले, चहा किती घेतला, औषध कधी दिलं. सहा-सात क्रियापदांत सगळं बसतं.

रिरेकिशो हातानं लिहायचा का?

जपानी बायोडेटा म्हणजे रिरेकिशो. आता बरेच ठिकाणी टाइप केलेला चालतो. हातानं मागितलाच तर व्हाइटनर लावायचा नाही, चूक झाली की नवा कागद. नावावरच्या ओळीत 'फुरिगाना' हा शब्द कातकानात छापलेला असेल तर उच्चार कातकानात भरा, हिरागानात असेल तर हिरागानात. तारखा जपानी सनात असतील तर रेइवा १ म्हणजे २०१९, तेव्हा इसवी सनातून २०१८ वजा करा. २०२५ म्हणजे रेइवा ७. जन्माचं साल २००३ असेल तर ते हेइसेइ १५, कारण हेइसेइ १९८९ ला सुरू झालं. शिक्षण आणि नोकरीची यादी संपली की पुढच्या ओळीत उजवीकडे 'इजोओ' लिहितात, 'एवढंच' या अर्थानं. इथले बरेच जण ते सोडून देतात.